विश्लेषण : ऑपरेशननंतर कोणी दहा मिनिटांत जागे, कोणी तासभर गुंगीत… भुलीच्या वायूचा यात किती हात?

ऑपरेशन थिएटरचा दरवाजा उघडतो, स्ट्रेचर बाहेर येते आणि बाकड्यावर बसलेले सगळे नातेवाईक एकदम उठतात. पेशंट डोळे उघडतो आणि पुन्हा मिटतो. 'सिस्टर, अजून बोलंना गेल्यात की हो. भूल जास्त झाली का?' नांदेडची डॉक्टर लेन असो, विष्णुपुरीचे शासकीय रुग्णालय असो की लातूरचे वैद्यकीय महाविद्यालय, थिएटरबाहेर हा प्रश्न ठरलेला. त्यात शेजारच्या खाटेवर त्याच ऑपरेशनचा पेशंट उठून बसून चहा मागत असेल तर काळजी आणखी वाढते. मग कुजबुज सुरू होते : 'त्यांना भारी भूल दिली असेल, आपल्याला साधी दिली.'

भुलीची औषधे खरेच वेगवेगळी असतात. श्वासातून दिल्या जाणाऱ्या भुलीच्या वायूंमध्ये काही लवकर उतरतात, काही रेंगाळतात. पण वायूच्या नावावर पेशंटची किती रिकव्हरी अवलंबून असते? आणि ऑपरेशनआधी पेशंटच्या हातात नेमके काय असते? समजून घेऊ.

भुलीचा वायू नेमका कधी वापरतात?

प्रत्येक ऑपरेशनला वायू लागत नाही. सिझेरियन, पायाचे फ्रॅक्चर किंवा हर्नियासाठी बहुतेकदा कमरेत इंजेक्शन देऊन खालचे अंग बधिर करतात. पेशंट जागा असतो. पित्ताशयाची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया, मेंदू, छाती, कान-नाक-घसा किंवा लहान मुलांची ऑपरेशने यांत मात्र पूर्ण भूल द्यावी लागते.

पूर्ण भूल म्हणजे एकच औषध नव्हे. मोठ्या माणसाला आधी शिरेतून इंजेक्शन देऊन झोपवतात. हे बहुधा प्रोपोफॉल असते. त्यानंतर श्वासनलिकेत नळी घालतात आणि ऑक्सिजनबरोबर भुलीचा वायू सुरू ठेवतात. हाच वायू ऑपरेशन संपेपर्यंत झोप टिकवतो. सोबत दुखणे थांबवणारे औषध असते आणि गरजेप्रमाणे स्नायू सैल करणारेही.

आज यासाठी प्रामुख्याने आयसोफ्लुरेन, सेव्होफ्लुरेन आणि डेसफ्लुरेन वापरले जातात. बाटलीत ही औषधे द्रवरूप असतात. भुलीच्या मशीनवरील व्हेपोरायझर त्यांची वाफ करून ती मोजून श्वासात सोडतो. त्याआधी अनेक वर्षे हॅलोथेन होते आणि त्याच्याही आधी ईथर आणि क्लोरोफॉर्म.

काही वायू लवकर आणि काही उशिरा का उतरतात?

याचे उत्तर आपल्या शेतात सापडते. काळ्या जमिनीला पाणी दिले तर ती भिजायला वेळ घेते आणि एकदा भिजली की वाफसा यायला दिवस लागतात. मुरमाड जमीन लगेच भिजते, लगेच सुकते. भुलीच्या वायूंचेही तसेच आहे. जो वायू रक्तात जास्त विरघळतो, त्याच्यासाठी शरीर काळ्या जमिनीसारखे वागते. भूल चढायला वेळ, उतरायलाही वेळ. जो रक्तात कमी विरघळतो, तो फुप्फुसातून पटकन मेंदूत जातो आणि वायू बंद केला की तितक्याच पटकन श्वासावाटे बाहेर पडतो.

भूलशास्त्रात हे एका आकड्याने मोजतात. फुप्फुसातील हवेत वायूचा एक भाग असेल, तर रक्तात किती भाग मावतात, तो हा आकडा. आकडा जितका लहान, तितकी भूल लवकर उतरते. साधारण आकडे असे :

- ईथर : १२
- हॅलोथेन : २.४
- आयसोफ्लुरेन : १.४
- सेव्होफ्लुरेन : ०.६५
- नायट्रस ऑक्साइड : ०.४७
- डेसफ्लुरेन : ०.४२

नायट्रस ऑक्साइडचा आकडा छोटा असला तरी तो फार सौम्य आहे. एकट्याने पूर्ण भूल देऊ शकत नाही, म्हणून दुसऱ्या औषधाच्या जोडीला देतात.

ईथरचा १२ हा आकडा पाहिला की जुन्या लोकांच्या आठवणींचा उलगडा होतो. ऑपरेशननंतर कितीतरी तास गुंगी आणि उलट्यांवर उलट्या, हे ईथरच्या काळात नेहमीचे होते.

फरक मिनिटांचा की तासांचा?

दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. ऑपरेशन किती वेळ चालले यावर ते ठरते.

अर्ध्या-एक तासाच्या ऑपरेशनमध्ये आधुनिक वायूंतला फरक काही मिनिटांचा असतो. डेसफ्लुरेनवरचा पेशंट सेव्होफ्लुरेनवरच्या पेशंटपेक्षा थोडा आधी डोळे उघडेल, नाव सांगेल. दुपारपर्यंत दोघांत फरक ओळखू येणार नाही.

लांबलेल्या ऑपरेशनमध्ये चित्र बदलते. तासन्‌तास वायू चालू राहिला की तो स्नायूंत आणि चरबीत मुरतो, आणि वायू बंद केल्यावर तिथून हळूहळू रक्तात परत येत राहतो. संगणकावर केलेल्या एका गणितात सहा तासांच्या भुलीनंतर शरीरातील वायूची पातळी ९० टक्क्यांनी उतरायला किती वेळ लागेल, हे काढले गेले. डेसफ्लुरेनला सुमारे १४ मिनिटे, सेव्होफ्लुरेनला ६५ आणि आयसोफ्लुरेनला ८६ मिनिटे. पातळी निम्म्यावर यायला मात्र तिन्ही वायूंना पाच मिनिटांहून कमी वेळ लागतो. म्हणजे डोळे तिघेही उघडतात, फरक पडतो तो शेवटची गुंगी जाण्यात. म्हणूनच लांबची ऑपरेशने आणि लठ्ठ पेशंट यांच्यात वायूची निवड जास्त महत्त्वाची ठरते.

इथे भूलतज्ज्ञाचा हातही मोठा असतो. टाके घालायला सुरुवात झाली की अनुभवी भूलतज्ज्ञ वायू हळूहळू कमी करत आणतात. आकडा १.४ असलेल्या आयसोफ्लुरेनवरचा पेशंटही मग शेवटच्या टाक्यानंतर थोड्याच वेळात जागा होतो. त्यामुळे 'साधी भूल' म्हणजे कमी दर्जाची भूल, हा समज चुकीचा आहे.

मग उशिरा जागे होणे म्हणजे 'भूल जास्त झाली' का?

बहुतेक वेळा नाही. जागे व्हायला उशीर होण्यामागे वायूशिवाय इतर कारणेही असतात. दुखणे थांबवणाऱ्या औषधाची गुंगी, थंड थिएटरमध्ये उतरलेले अंगाचे तापमान, मधुमेही पेशंटची कमी झालेली साखर, स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा उरलेला असर, मूत्रपिंड किंवा यकृताचा जुना आजार ही त्यातली काही. वयही आहेच. चाळिशीनंतर दर दहा वर्षांनी भुलीच्या वायूची गरज साधारण सहा टक्क्यांनी कमी होत जाते. म्हणजे सत्तरीच्या आजीला तिच्या चाळिशीतल्या सुनेपेक्षा बराच कमी वायू पुरतो.

म्हणून शेजारच्या खाटेशी तुलना करून काही कळत नाही. ऑपरेशनचे नाव एक असले तरी शरीरे दोन असतात.

हैदराबाद संस्थानात झालेला वाद काय होता?

'कोणता वायू सुरक्षित?' या प्रश्नाशी आपल्या भागाचा जुना संबंध आहे. आजचे नांदेड आणि लातूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, तेव्हा तिथे याच प्रश्नावर जगभर गाजलेले प्रयोग झाले.

क्लोरोफॉर्मचा वापर १८४७ मध्ये सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये १५ वर्षांची एक मुलगी त्या भुलीत दगावली. क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो की हृदय, यावर डॉक्टरांत दोन तट पडले. हैदराबादचे रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांचे म्हणणे होते की धोका फक्त श्वासाला असतो. श्वासावर लक्ष ठेवा, नाडी पाहायची गरज नाही. हे सिद्ध करण्यासाठी १८८८ मध्ये पहिले हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन नेमले गेले. त्याच्या निष्कर्षावर 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने शंका घेतली. तेव्हा निजाम मीर महबूब अली खान यांनी 'लॅन्सेट'ला आपला तज्ज्ञ पाठवण्यासाठी एक हजार पौंड दिले. लंडनहून डॉ. लॉडर ब्रंटन आले आणि १८८९ मध्ये दुसऱ्या कमिशनने शेकडो प्राण्यांवर प्रयोग केले. निष्कर्ष लॉरींच्याच बाजूने लागला.

पुढे तो चुकीचा ठरला. १९११ मध्ये ए. जी. लेव्ही यांनी प्रयोगांतून दाखवले की क्लोरोफॉर्मच्या हलक्या भुलीतही हृदयाचे ठोके अचानक विस्कटून मृत्यू होऊ शकतो. लॉरींचे अर्धे म्हणणे मात्र टिकले. भूल देताना श्वासावरची नजर हटता कामा नये, हा नियम आजही पहिला आहे. फक्त आता श्वासाबरोबर नाडी, रक्तदाब, ईसीजी, रक्तातील ऑक्सिजन आणि उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड हे सारे सतत पाहिले जाते.

याच हैदराबादमध्ये शिकलेल्या डॉ. रूपाबाई फर्दुनजी यांना जगातील पहिल्या महिला भूलतज्ज्ञांपैकी एक मानले जाते.

या वादातून आजच्या पेशंटने घेण्यासारखे एकच आहे. नाव घेतले की सुरक्षित, असा कोणताही वायू नाही. सुरक्षितता येते ती देणाऱ्याच्या सतत लक्षामुळे.

ऑपरेशननंतर उलट्या कोणाला जास्त होतात?

इथे वायूचा हात स्पष्ट दिसतो. ऑपरेशननंतरच्या पहिल्या एक-दोन तासांतील मळमळ आणि उलट्यांचे मोठे कारण श्वासातून दिलेली भूल हेच असते. आयसोफ्लुरेन, सेव्होफ्लुरेन, डेसफ्लुरेन यांत या बाबतीत फार डावे-उजवे नाही. नायट्रस ऑक्साइड जोडीला असेल तर त्रास वाढू शकतो. याउलट वायू न वापरता प्रोपोफॉल पूर्ण वेळ शिरेतून दिले, तर उलट्यांचे प्रमाण कमी होते.

कोणाला त्रास होईल, याचा अंदाज आधीच बांधता येतो. जगभरचे भूलतज्ज्ञ यासाठी चार साधे प्रश्न वापरतात :

- पेशंट स्त्री आहे का?
- पेशंट धूम्रपान न करणारा आहे का?
- आधीच्या ऑपरेशननंतर उलट्या झाल्या होत्या का, किंवा गाडी लागते का?
- ऑपरेशननंतर मॉर्फिनच्या जातीची औषधे द्यावी लागणार आहेत का?

एकही 'हो' नसेल तर धोका सुमारे १० टक्के. एक 'हो' असेल तर २०, दोनला ४०, तीनला ६० आणि चारही असतील तर ८० टक्के. म्हणजे किनवटहून नांदेडला येताना एसटीत ज्या बाईला हमखास मळमळते, तिने ही गोष्ट भूलतज्ज्ञांना सांगितलीच पाहिजे. मग ते उलटी रोखणारी एकाऐवजी दोन औषधे आधीच देऊ शकतात किंवा वायूऐवजी शिरेतून भूल देण्याचा विचार करू शकतात.

यादीत धूम्रपान करणाऱ्यांना उलट्या कमी, असे दिसते. त्याचा अर्थ बिडी चांगली असा काढू नका. अशा पेशंटना ऑपरेशननंतर खोकला, कफ, न्यूमोनिया आणि जखम उशिरा भरणे यांचा धोका जास्त असतो.

लहान मूल उठल्यावर आकांत का करते?

मुलांसाठी सेव्होफ्लुरेन सोयीचे असते. त्याचा वास उग्र नसतो, त्यामुळे सुई न टोचता मास्कमधूनच मूल झोपते. सुई मग झोपेत लावतात. डेसफ्लुरेनचा वास घशाला झोंबतो, खोकला येतो, म्हणून मास्कमधून झोपवायला ते वापरत नाहीत.

पण सेव्होफ्लुरेनची एक दुसरी बाजू आहे. काही मुले, विशेषतः दोन ते पाच वर्षांची, जागी होताना जोरजोरात रडतात, हातपाय झाडतात, आईलाही ओळखत नाहीत. आई-बाप घाबरतात. 'डोक्यावर परिणाम झाला' अशी शंका येते. हा परिणाम तात्पुरता असतो. बहुतेक मुले अर्ध्या तासाच्या आत शांत होतात आणि त्यांना नंतर काही आठवतही नाही. तोवर मूल पडणार नाही, सलाइन उपसणार नाही, एवढे पाहायचे. दुखणे नीट थांबवले आणि शेवटी प्रोपोफॉल किंवा डेक्समेडेटोमिडीनसारखे औषध दिले तर हा प्रकार कमी होतो.

भुलीने मुलांची बुद्धी कमी होते का, या प्रश्नाचेही उत्तर मिळाले आहे. सात देशांतील २८ रुग्णालयांत ७२२ तान्ह्या बाळांवर झालेल्या अभ्यासात हर्नियाच्या ऑपरेशनसाठी काहींना सेव्होफ्लुरेन, तर काहींना फक्त कमरेतून भूल दिली गेली. पाच वर्षांनी दोन्ही गटांतील मुलांच्या बुद्ध्यांकात फरक आढळला नाही. साधारण तासाभराच्या एका भुलीबाबत पालकांनी निश्चिंत राहावे, असा त्याचा अर्थ.

ज्येष्ठांना भ्रम का होतो?

'मला शेतात जायचंय, बैल सोडायचेत' म्हणत आजोबा रात्री सलाइन ओढतात. दिवसा ठीक असतात, संध्याकाळ झाली की बडबडतात. ऑपरेशननंतरचा हा भ्रम साधारण पहिल्या दोन-तीन दिवसांत येतो आणि नातेवाईक त्याचे खापर भुलीवर फोडतात.

अभ्यास वेगळे सांगतात. अमेरिका आणि कॅनडात खुब्याचे हाड मोडलेल्या १६०० पेशंटपैकी निम्म्यांना पूर्ण भूल आणि निम्म्यांना कमरेतून भूल दिली गेली. २०२१ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा भ्रमाचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखेच होते. प्रत्येक पाचातल्या एकाला तो झाला. म्हणजे वायू टाळला म्हणून भ्रम टळत नाही. न थांबलेले दुखणे, जंतुसंसर्ग, झोपमोड, शरीरातील पाणी कमी होणे, अनोळखी जागा ही कारणे जास्त भारी पडतात.

इथे नातेवाईक खूप काही करू शकतात. आजोबांचा चष्मा आणि ऐकण्याचे यंत्र शुद्धीवर येताच परत द्या. ओळखीचे एकच माणूस सतत जवळ ठेवा, दहा माणसांची गर्दी नको. दिवस कोणता, आपण कुठे आहोत, हे शांतपणे सांगत राहा. झोपेच्या गोळ्या स्वतःहून देऊ नका.

वर्षभरानंतर काही फरक उरतो का?

हा प्रश्न सर्वांत मोठा होता. हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेत भुलीचे वायू हृदयाला संरक्षण देतात, असे बरीच वर्षे मानले जात होते. ते पडताळण्यासाठी १३ देशांतील ३६ केंद्रांत ५,४०० पेशंटवर चाचणी झाली. निम्म्यांना वायू, निम्म्यांना केवळ शिरेतून भूल. २०१९ मध्ये निष्कर्ष आले. वर्षभरात वायूच्या गटात २.८ टक्के आणि दुसऱ्या गटात ३ टक्के पेशंट दगावले. म्हणजे अर्थपूर्ण फरक नाही.

सगळे चित्र एकत्र पाहिले तर असे दिसते : वायूची निवड पहिल्या तासावर ठळक परिणाम करते, पहिल्या दिवसावर थोडा, आणि वर्षावर जवळपास नाहीच.

मग महागडा वायू मागून घ्यावा का?

गरज नाही. डेसफ्लुरेन सर्वांत लवकर उतरते, पण ते महाग आहे आणि त्याच्या अडचणीही आहेत. ते २३ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळते. मे महिन्यात ४२ अंशांवर जाणाऱ्या आपल्या भागात तर ते उघड्यावर द्रवरूपात टिकणारच नाही. म्हणून त्याला खास गरम केलेला, दाबाखालचा व्हेपोरायझर लागतो.

दुसरी अडचण हवामानाची. भुलीचे वायू शरीरात फारसे बदलत नाहीत, जसेच्या तसे श्वासावाटे बाहेर पडतात आणि शेवटी वातावरणात जातात. शंभर वर्षांच्या हिशेबात डेसफ्लुरेन त्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अडीच हजार पट उष्णता अडवते. सेव्होफ्लुरेनसाठी हा आकडा शंभर-दीडशेच्या घरात आहे. त्यामुळे स्कॉटलंडने २०२३ मध्ये डेसफ्लुरेनचा वापर थांबवला आणि युरोपीय संघात १ जानेवारी २०२६ पासून वैद्यकीय गरज असल्याशिवाय ते वापरायला मनाई आहे.

सेव्होफ्लुरेन किंवा आयसोफ्लुरेनवर नीट दिलेली भूल पुरेशी चांगली असते. निवड भूलतज्ज्ञांवर सोडा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन होत असेल, तर भूलतज्ज्ञांचे शुल्क आणि औषधे पॅकेजमध्येच धरलेली असतात, हेही लक्षात ठेवा.

भूलतज्ज्ञांना काय सांगायलाच हवे?

वायूपेक्षा जास्त फरक इथे पडतो. ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञ येऊन पाच-दहा मिनिटे बोलतात. ती वेळ 'सगळं ठीक आहे' म्हणून उरकू नका. लपवलेली गोष्ट टेबलावर महागात पडते.

- चहा घेतला असेल तर सांगा. 'फक्त घोटभर चहा' हा सर्वांत जास्त लपवला जाणारा पदार्थ. दुधाचा चहा पोटासाठी पाणी नसून दूध आहे. मोठ्यांसाठी साधारण नियम असा : हलके अन्न आणि दूध सहा तास आधी बंद, तेलकट-तुपकट जेवण आठ तास आधी, साधे पाणी दोन तास आधीपर्यंत. पोट भरलेले असताना भूल दिली तर अन्न वर येऊन फुप्फुसात जाऊ शकते आणि ते जिवावर बेतते. तुमच्या डॉक्टरांनी वेगळी वेळ सांगितली असेल तर तीच पाळा.
- गुटखा, तंबाखू, बिडी, दारू. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, म्हणून अनेक जण कबूल करत नाहीत. पण गुटख्याने तोंड उघडेनासे होते आणि श्वासनलिकेत नळी घालणे अवघड होते. तीन बोटे उभी तोंडात जात नसतील तर ते आधीच सांगा. भूलतज्ज्ञ वेगळ्या उपकरणांची तयारी ठेवतात. बिडी-सिगारेट चार आठवडे आधी सोडणे उत्तम, पण एक दिवस आधी थांबवली तरी रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद सुधारते.
- घराण्यातील भुलीचा त्रास. जवळच्या नात्यात कोणाला भुलीत अचानक प्रचंड ताप आला किंवा कोणी दगावले असेल, तर ते आवर्जून सांगा. काही घराण्यांत असा आनुवंशिक दोष असतो की आयसोफ्लुरेन, सेव्होफ्लुरेन, डेसफ्लुरेन यांतला कोणताही वायू चालत नाही. अशा पेशंटला फक्त शिरेतून भूल देतात.
- आधीच्या भुलीनंतर कावीळ, खूप उलट्या किंवा दम लागणे.
- चालू औषधे. रक्तदाब, मधुमेह, फिट, दमा, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि वैदूकडून घेतलेल्या पुड्यासुद्धा. कोणती थांबवायची आणि कोणती सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची, हे तेच सांगतील.
- हलणारा दात किंवा कवळी.

घरी गेल्यावर काय पाळावे?

पेशंट बोलू लागला, चालू लागला तरी पहिले २४ तास प्रतिक्रिया मंद असतात. या काळात मोटारसायकल किंवा ट्रॅक्टर चालवू नये. विहिरीवरची मोटार सुरू करायला किंवा कडबा कुट्टी मशीनवर जाऊ नये. बँकेच्या किंवा जमिनीच्या कागदावर सही-अंगठा करू नये. दारू वर्ज्य. सोबत एक जाणते माणूस रात्रभर असावे. जागे होताच पाणी पाजण्याची घाई करू नका. गिळण्याची ताकद पूर्ण आल्यावर, नर्सने सांगितल्यावरच घोट-घोट द्या.

श्वास घ्यायला त्रास, ओठ निळसर पडणे, हलवूनही जाग न येणे, न थांबणाऱ्या उलट्या, सहा-आठ तास लघवी न होणे किंवा जखमेतून रक्त, यांपैकी काही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. रुग्णालयाला फोन करा किंवा १०८ वर रुग्णवाहिका बोलवा.

थोडक्यात

- डेसफ्लुरेन आणि सेव्होफ्लुरेन लवकर उतरतात, आयसोफ्लुरेन थोडे उशिरा. छोट्या ऑपरेशनमध्ये हा फरक काही मिनिटांचा असतो.
- लांब ऑपरेशन आणि लठ्ठ पेशंट असेल तर वायूची निवड जास्त महत्त्वाची.
- उलट्यांची भीती असेल तर आधी सांगा, उपाय आहेत.
- मुलांचा आकांत तात्पुरता असतो. ज्येष्ठांच्या भ्रमाचे कारण बहुधा वायू नसतो.
- डिस्चार्ज कार्डावर कोणती भूल दिली आणि काय त्रास झाला, हे लिहून घ्या. ते कार्ड जपून ठेवा. पुढच्या ऑपरेशनला ते सर्वांत आधी मागितले जाईल.

आणि ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ भेटायला आले की हे तीन प्रश्न नक्की विचारा : मला कोणत्या प्रकारची भूल देणार? उलट्या आणि दुखणे यांसाठी काय करणार? आणि शेवटचा घोट पाणी किती वाजता प्यायचे?